नदीकाठ आणि आपले पूर्वज



गेल्या वार्षिक सभेत विद्यार्थी वसतिगृहाच्या जागेचा विषय निघाला, तेव्हा एका तरुण सभासदाने मला उभे करून प्रश्न विचारला, "गुरुजी, एवढे मोठे रान मोकळे पडलेले असताना आपल्या पूर्वजांनी नदीच्या तोंडाशीच घरे का बांधली? त्यांना पूर ठाऊक नव्हता काय?" सभेत हशा पिकला. मीही हसलो; परंतु उत्तर मात्र मला देता आले नाही. चाळीस वर्षे मुलांना इतिहास शिकविलेल्या माणसाला स्वतःच्या गल्लीचा इतिहास सांगता येऊ नये, ही गोष्ट मनाला लागून राहिली. त्या प्रश्नाचे यथामति उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

पूर ठाऊक नव्हता, असे म्हणण्यास मुळीच जागा नाही. खानदेशाइतका पुराचा ताप सोसलेले प्रांत थोडे असतील. १८२२ साली तापीला आलेल्या महापुरात ६५ गावे समूळ नष्ट झाली आणि आणखी ५० गावांचा काही भाग वाहून गेला, अशी नोंद सरकारी दप्तरात आहे. १८१८ साली पेशवाई बुडून इंग्रजी अंमल नुकताच बसला होता. म्हणजे नव्या राजवटीची पहिली पाने लिहिली जात असतानाच तापीने आपलेही पान त्यात घातले. पुढे १८७२ साली गिरणा आणि पांझरा या दोन्ही नद्या एकदमच खवळल्या. एकट्या धुळे शहरात ५०० घरे वाहून गेली आणि १५२ गावांचे नुकसान झाले. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीने हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले होते. पाणी ओसरल्यावर त्यांनी काय केले? वाहून आलेला गाळ उपसला, भिजलेल्या तुळया वाळविल्या आणि त्याच पायावर पुन्हा भिंती उभ्या केल्या.

हे अज्ञान नव्हे, आणि निव्वळ हटवादही नव्हे. मग ते काय होते, हे समजण्यासाठी प्रथम आपल्या धंद्याकडे पाहिले पाहिजे.

आपण भावसार. लोकांनी आपल्याला रंगारी म्हणून ओळखले. हिंगलाज मातेचा अंगारा कपाळी लावून आपल्या पूर्वजांनी कापड रंगविले आणि छापले. आज कापडाला रंग देणे म्हणजे डब्यातली पूड पाण्यात कालविणे, एवढाच अर्थ मुलांना ठाऊक आहे. पूर्वीचा रंग हा वनस्पतीतून काढावा लागे. लाल रंगासाठी आलाच्या मुळ्या, निळ्यासाठी नीळ, आणि रंग धाग्यात बसून राहावा म्हणून हिरडा व तुरटी. आलाचा लाल रंग चढविण्यापूर्वी कापड तेल व पापडखार यांच्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून, पिळून, उन्हात वाळवावे लागे. प्रत्येक पायरीनंतर धुणे आलेच. आणि हे धुणे आडाच्या चार बादल्यांनी भागणारे नव्हते. साचलेल्या पाण्यात कापड बुचकळले, तर सुटलेला रंग पुन्हा त्याच कापडावर बसून डाग पडतात. त्यास वाहते पाणी पाहिजे, कापड पसरावयास वाळूचे पात्र पाहिजे, आणि मोकळे ऊन पाहिजे. या तिन्ही गोष्टी एकत्र मिळण्याचे ठिकाण एकच, ते म्हणजे नदीचा काठ. ओल्या कापडाचे ओझे डोक्यावर घेऊन दिवसातून कितीदा चढ चढायचा, याचाही हिशेब होताच. म्हणून अनेक गावांत रंगाऱ्यांची आळी नदीच्या उताराला सापडते. शेतकऱ्याला जसा बांध, तसा रंगाऱ्याला घाट.

नदीची ओढ केवळ आपल्यालाच होती असे नाही. चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बहाळ येथे आणि तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे येथे १९५० नंतरच्या दशकात पुरातत्त्व खात्याने उत्खनने केली, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुन्या वस्त्यांचे थर उजेडात आले. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे तर त्या काळच्या शेतकऱ्यांनी पाण्यासाठी काढलेला पाट आणि दगडगोट्यांचा बांधही सापडला आहे. म्हणजे नदीजवळ राहावयाचे आणि तिला थोडे दूरही ठेवावयाचे, ही दुहेरी विद्या आपल्या भूमीत फार पुरातन आहे.

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानीत : काळी आणि पांढरी. काळीत पीक घ्यावयाचे व पांढरीत घर बांधावयाचे. पांढरी ही बहुधा उंचवट्याची जागा असे. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे पडून, त्यांवर नवी उभी राहून तो उंचवटा आणखी वाढत जाई. ज्यास आपण गावठाणाचे पांढर म्हणतो, ते एका अर्थाने पूर्वजांनी नकळत रचलेले धरणच होय. त्याखालच्या उतारावर मात्र ज्यांचा धंदाच पाण्याचा, अशा परीट, चर्मकार, कोळी, रंगारी इत्यादी जाती राहिल्या. काही पोटासाठी राहिल्या आणि काहींना वरच्या बाजूस जागाच मिळाली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पांढरीचा माथा कोणाच्या वाट्यास आला आणि पायथा कोणाच्या, हा योगायोग नव्हता.

आता दुसऱ्या बाजूचा विचार करू. पूर हा एका पिढीत एकदा किंवा दोनदा येणारा पाहुणा. दुष्काळ हा खानदेशाचा घरचा माणूस. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने गेले की नदीनाले आटतात. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्यास विक्रम संवतावरून लोकांनी 'छप्पन्नाचा दुष्काळ' म्हटले, त्याच्या कहाण्या आमच्या लहानपणी घराघरांत सांगत. १९७२ चा दुष्काळ तर आमच्या पिढीने स्वतः पाहिला. अशा वेळी माळावरच्या विहिरी आधी कोरड्या पडत, आणि नदीच्या पात्रात झिरा खणला तर हंडाभर पाणी तरी मिळे. पूर ओसरल्यावर मागे राहणाऱ्या मळईत भाजीपाला व डांगरे पिकत. पांझरेच्या खोऱ्यात लोकांनी बंधारे घालून फडाची बागाईत शेकडो वर्षे चालविली. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, पाणी पाटकऱ्याने द्यावयाचे आणि राखण जागल्याने करावयाची, अशी ती व्यवस्था. ज्या पांझरेने धुळ्याची ५०० घरे नेली, तीच पांझरा त्या गावांना जेवू घालीत होती. पूर्वजांसमोर निवड होती ती सुरक्षित जागा की धोक्याची जागा, अशी नव्हती. कधीतरी बुडण्याचा धोका घ्यावयाचा, की दरसाल तहानेचा, अशी ती निवड होती. त्यांनी जमाखर्च मांडला आणि नदीकाठ पत्करला. हा जमाखर्च त्या काळी चुकीचा होता, असे मला वाटत नाही.

जगातही हेच आढळते. इटलीतील व्हेसुव्हियस पर्वताने इ. स. ७९ मध्ये पाँपेई शहर राखेखाली गाडले. आज त्याच पर्वताच्या परिसरात लक्षावधी लोक राहतात, कारण ज्वालामुखीच्या राखेची माती द्राक्षांस व फळझाडांस अत्यंत मानवते. मारणारा हात आणि भरविणारा हात एकच असला, म्हणजे मनुष्य तो हात सोडीत नाही.

परंतु येथे एक प्रश्न उरतो. कारण संपले तरी वस्ती का संपत नाही?

१८६८ साली जर्मनीत ग्रेबे व लीबरमान या दोन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतील लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. त्यानंतर थोड्याच काळात आलाच्या बागा मोडल्या, निळीची कुंडे कोरडी पडली, आणि गिरणीच्या छापील कापडापुढे आपले लाकडी ठसे माळ्यावर गेले. फैजपूरसारखी रंगाई-छपाईची नामांकित ठाणी ओस पडू लागली. आपल्यापैकी कोणी शिंपीकाम धरले, कोणी दुकान टाकले, कोणी आगगाडीच्या स्टेशनावर हमाली केली, आणि माझ्यासारखे कोणी शाळामास्तर झाले. वाहत्या पाण्याची गरज संपली. पण घरे उतारावरच राहिली.

याचे कारण असे की, माणूस एका कारणाने येतो आणि दहा कारणांनी राहतो. घर हे केवळ चार भिंती नसते. शेजारी उधार देणारा वाणी असतो, बाळंतपणाला धावून येणारी जाऊ-नणंद असते, देवीचा ओटा असतो, आणि त्या जागेचा उतारा आपल्या नावावर असतो. १८९६ नंतर प्लेगच्या साथी आल्या, तेव्हा गावेच्या गावे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहिली. मृत्यू घरात शिरला होता, हे सर्वांस ठाऊक होते. तरी साथ ओसरली की लोक परतले, घर शेणाने सारविले आणि दिवा लावला. झोपडीत जीव वाचतो, पण संसार चालत नाही.

किल्लारीचा अनुभवही हेच सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच दगावली. माणसे मेली ती भुईच्या हादऱ्याने कमी आणि घरांच्या ओझ्याने अधिक. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, आणि वर मातीचे जड माळवद. हे माळवद उन्हाळ्यात गारवा देते, दाणे व मिरच्या वाळवावयास उपयोगी पडते. म्हणून तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. आपल्या खानदेशातील धाब्याची घरेही याच जातीची. ३६४ दिवस जे छत आई, तेच एका दिवशी वैरी झाले. त्यानंतर सरकारने ५२ गावे नव्या जागी वसविली. घरे भक्कम मिळाली. पण शेत लांब पडले, रस्ते रुंद झाले आणि ओट्यावरून ओट्यावर बोलता येईना, अशी खंत तेथील वृद्धांनी बोलून दाखविली. तिला वेडेपणा म्हणून चालणार नाही. आणि केवळ तिच्यासाठी जुन्या भिंतींखाली परत जाणेही शहाणपणाचे नव्हे. पुनर्वसन करणाऱ्याने विटांबरोबर शेजारही उचलून न्यावयास हवा, एवढाच त्याचा बोध.

कित्येकांना तर निवडच नसते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी अशाच गाडल्या गेल्या. इर्शाळवाडीतील ठाकर बांधवांस "डोंगराखाली का राहिलात?" असे विचारणाऱ्याने आधी असे विचारावे की, सपाटीवरची जमीन त्यांना कोणी आणि केव्हा देऊ केली होती? धोक्याची जागा बहुधा स्वस्त असते, आणि स्वस्त जागा ही गरिबाची असते. 'लोक राहणे पसंत करतात' असे आपण सहज म्हणतो. त्यातील 'पसंत' हा शब्द पुष्कळदा पोटभरल्या माणसाचा असतो.

आता आपल्याच समाजाची एक ताजी गोष्ट सांगतो. आपली कित्येक कुटुंबे पोटासाठी सुरतेस गेली. तेथे साड्यांच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांत पुन्हा रंगाचेच काम मिळाले, आणि राहावयास पुन्हा तापीचेच खोरे मिळाले. आजोबांनी सोडलेला घाट नातवास शंभर कोसांवर पुन्हा भेटला! सुरतेच्या वर उकाई येथे १९७२ साली मोठे धरण पूर्ण झाले. त्यापूर्वी १९६८ च्या पुराने सुरत बुडाली होती. धरण झाल्यावर लोकांना वाटले की आता नदी बांधली गेली. पात्रालगतच्या सखल जागी वसाहती उठल्या. ऑगस्ट २००६ मध्ये धरण भरत आले आणि सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले. शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. आपल्या काही भगिनींनी लेकरांसह दोन-तीन दिवस गच्चीवर काढले, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. धरण लहान पूर खरोखरीच अडविते. पण त्यामुळे लोक पुराला विसरतात, आणि मोठा पूर आला की तो विसरलेल्यांच्या घरात शिरतो.

धरण तरी कशाला, आपल्या शेजारचे चाळीसगाव पाहा. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अजिंठ्याच्या डोंगररांगेत एका रात्रीत अपार पाऊस पडला. तितूर व डोंगरी या नद्या, ज्यांना वर्षातील बराच काळ कोणी नदी म्हणत नाही, त्या शहराच्या बाजारपेठेत शिरल्या. गावोगावची शेकडो गुरे दावणीलाच मेली. कन्नडच्या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. आपली हिवरा त्याच डोंगराकडून येते, ही गोष्ट पाचोऱ्याच्या माणसाने विसरता कामा नये. पावसाळ्याबाहेर तिच्या पात्रात आपण जे पाहतो, त्यावरून तिची योग्यता ठरवू नये. नदीची रुंदी उन्हाळ्यात मोजावयाची नसते.

येथे मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. आमच्या जुन्या घरी ओसरीच्या भिंतीवर काळ्या रंगाच्या तीन आडव्या रेघा होत्या. आजोबा सांगत, "या पुराच्या. सर्वांत वरची माझ्या आजाने ओढलेली." दर पावसाळ्याच्या तोंडी दाण्याची कणगी, हिशेबाच्या वह्या आणि ठशांची पेटी त्या वरच्या रेघेच्या वर चढविली जात असे. तो आमच्या घरचा नियम होता. कारण कोणी विचारीत नसे. आजोबा वारले. मला नोकरी लागली, हाती चार पैसे आले, आणि एका दिवाळीला मी गवंडी लावून त्या भिंतीला गिलावा केला व वर चुना फासला. रेघा ओंगळ दिसतात, असे मला वाटले होते. आई तेव्हा एवढेच म्हणाली, "आता पाण्याला वाट कोण दाखवील?" मी हसून सोडून दिले.

वसतिगृहाच्या जागेचा विषय निघाला, तेव्हा समितीने मला विचारले की, "गुरुजी, तुमच्या घरी पुराच्या खुणा होत्या ना? पाणी कुठवर आले होते?" मी भिंतीपुढे जाऊन उभा राहिलो. हात कधी छातीशी नेला, कधी खांद्याशी. मला सांगता येईना. चार पिढ्यांनी जपलेले ज्ञान मी एका दिवाळीत चुन्याखाली घातले होते.

जपानात इवाते प्रांतात अनेयोशी नावाचे एक लहान खेडे आहे. समुद्राच्या महालाटेने ते पूर्वी उद्ध्वस्त झाले होते. १९३३ च्या लाटेनंतर लोकांनी डोंगराच्या चढावर एक शिळा उभी केली, आणि या खुणेच्या खाली घर बांधू नये, असा उपदेश तिच्यावर कोरला. पुढील पिढ्यांनी तो मानला. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या किनाऱ्यावर प्रचंड लाट आली, तेव्हा ती त्या शिळेच्या खालीच थांबली, आणि वरची घरे वाचली. ते लोक समुद्र सोडून गेले नव्हते. त्यांची उपजीविका समुद्रावरच होती. ते खाली उतरून काम करीत आणि वर जाऊन झोपत. तेवढा चढ त्यांनी रोज चढला.

ज्ञातिबंधूंनो, त्या तरुणाच्या प्रश्नास माझे उत्तर हे आहे. आपले पूर्वज मूर्ख नव्हते. त्यांना नदीची गरज होती, नदीचे भय होते, आणि त्या भयाची खूण ते भिंतीवर ओढून ठेवीत. आपणांस आज नदीची ती गरज उरली नाही, भयही उरले नाही, आणि खूण तर आपण स्वतःच पुसली. त्यांच्या धोक्यास कारण होते. आपल्या धोक्यास केवळ सवय आहे.

म्हणून प्रस्तुत जागेविषयी माझे मत नम्रपणे मांडतो. एका उदार बंधूंनी नदीलगतची जमीन समाजास देऊ केली आहे. त्यांची भावना थोर आहे, आणि समाजाच्या गंगाजळीची स्थिती पाहता फुकट मिळणारी जागा नाकारणे सोपे नाही, हे मी जाणतो. दान परत करावे असेही मी म्हणत नाही. ती जमीन घ्यावी. तेथे मुलांस खेळावयास पटांगण करावे, कडेने झाडे लावावीत, लग्नकार्यास मोकळी जागा ठेवावी. पटांगणात पाणी आले तर ते निघूनही जाते. परंतु जेथे परगावची साठ-सत्तर लेकरे रात्री निजणार, ती इमारत तेथे नको. ती वरच्या अंगाला, लहान का होईना, पण उंच जागी असावी. त्यासाठी लागणारी वर्गणी अधिक असेल. सेवानिवृत्तीच्या वेतनातून माझा वाटा मी मंत्र्यांकडे जमा केला आहे. ही बढाई म्हणून सांगत नाही, तर चुन्याचे प्रायश्चित्त म्हणून सांगतो.

आणि आणखी एक विनंती आहे. आपापल्या घरी ऐंशी-नव्वदीच्या वृद्ध मंडळींना विचारून पाणी कोठवर आले होते ते लिहून घ्यावे : कोणत्या साली, कोणत्या पायरीपर्यंत, कोणत्या खिडकीच्या गजापर्यंत. ही माहिती पुढील वर्षीच्या स्मरणिकेत एकत्र छापावी, आणि त्या पटांगणाच्या वेशीवर एक दगडी खांब उभारून त्यावर त्या खुणा कोराव्यात. चुना त्या खांबास कधीही लावू नये.